ऑक्सिजन सलाईनसारखा सरळ शिरेतून का देत नाहीत?

उगाचचौकशी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, कोणीतरी नीट समजावून सांगा. मी डॉक्टर वगैरे नाही, इंजिनियर आहे त्यामुळे आकडे टाकलेत तरी चालतील.

फुप्फुसं पार बिघडलेली आहेत, एआरडीएस म्हणतात तसं, व्हेंटिलेटर लावलाय, १०० टक्के ऑक्सिजन चालू आहे, पालथं झोपवूनही झालं, तरी सॅच्युरेशन ८० च्या वर सरकत नाही असे पेशंट असतात ना. म्हणजे ऑक्सिजनची टंचाई नाहीये, तो नळीत आहे, फुप्फुसात आहे, फक्त रक्तात जात नाहीये. मग औषधं आपण शिरेतून देतो, रक्त देतो, अन्नसुद्धा देतो, तर ऑक्सिजनच का नाही? बुडबुड्याची भीती असते हे माहितीये, सिनेमात हवेचं इंजेक्शन देऊन मारतात ते, पण ऑक्सिजन तर रक्त शोषून घेतं ना, मग बुडबुडा राहीलच कशाला?

आणि दुसरं, सशांना श्वास न घेता १५ मिनिटं जिवंत ठेवलं, शिरेतून ऑक्सिजन देऊन, असं कुठेतरी वाचलं होतं. ते खरं आहे का फॉरवर्ड? खरं असेल तर मग अडलंय कुठे?

रात्रपाळीवाला

ससे खरे आहेत, त्यावर कोणीतरी लिहीलच. मी आयसीयूत काम करतो, मी आधी गणिताकडून येतो कारण निम्मं उत्तर तिथेच आहे.

शांत पडलेल्या मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिली ऑक्सिजन लागतो, ताप असेल थंडी वाजत असेल तर जास्त. हा ऑक्सिजन रक्तात दोन प्रकारे असतो, एक हिमोग्लोबिनला चिकटलेला आणि दुसरा प्लाझ्मात नुसता विरघळलेला. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन धरतं, म्हणजे एचबी (१०० मिली रक्तातलं हिमोग्लोबिन) १५ ग्रॅम असेल तर १०० मिली रक्तात २० मिली. विरघळलेला किती, तर ०.३ मिली. बस. म्हणून हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फिरवतं त्यात १००० मिली ऑक्सिजन जातो, शरीर त्यातला पाव भाग काढून घेतं आणि शिरेतलं रक्त ७५ टक्के सॅच्युरेशनने परत येतं.

आता तुमचं सलाईन घ्या. त्यात हिमोग्लोबिन नाही म्हणजे सगळी भिस्त विरघळण्यावर, आणि शरीराच्या तापमानाला शुद्ध ऑक्सिजनसुद्धा एक लिटर पाण्यात जेमतेम २०-२५ मिली विरघळतो. २५० मिली द्यायचा तर मिनिटाला १० लिटर सलाईन सोडायला लागेल. माणसाच्या अंगात रक्तच मुळात ५ लिटरच्या आसपास. सलाईनने ऑक्सिजन द्यायला गेलात तर पेशंट ऑक्सिजनअभावी जायच्या आधी पाण्याने जाईल.

मग दाब वाढवून जास्त विरघळवू म्हणाल, तर बाटलीत विरघळेल हो, पण शिरेत आल्यावर दाब उतरला की फसफसून बाहेर येणार. विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगता येतं हे मात्र सिद्ध झालेलं आहे, ॲमस्टरडॅमच्या बोरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांचं रक्त जवळजवळ सगळं काढून प्लाझ्मासारखा द्रव भरला आणि ३ वातावरण दाबाच्या चेंबरमध्ये ती जगली. पण नीट बघा, तिथे ऑक्सिजन आत घेतला तो त्यांच्या धडधाकट फुप्फुसांनीच. तुमच्या पेशंटकडे नेमकी तीच नाहीत.

उगाचचौकशी

वा, हे १० लिटरचं डोक्यात फिट बसलं. पण मग सलाईन सोडा, सरळ वायूच सोडला तर? २५० मिली वायू मिनिटाला, म्हणजे सेकंदाला ४ मिली. बारीक बारीक सोडला तर शोषला जाईल की. शिवाय १०० टक्के ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन का वाढत नाही ते पण सांगा, तिथे माझा पाया कच्चा आहे.

रात्रपाळीवाला

दुसरं आधी. एआरडीएसमध्ये फुप्फुसाचे कितीतरी भाग पाण्याने भरलेले किंवा मिटलेले असतात. त्या भागातून जाणारं रक्त ऑक्सिजनला भेटतच नाही, जसं निळसर आलं तसंच पुढे जातं, याला शंट म्हणतात. आता तुम्ही म्हणाल चांगल्या भागात जास्त ऑक्सिजन देऊन भरपाई करू, पण चांगल्या भागातलं हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असतं, ते १०० च्या वर जाऊ शकत नाही. मग भरलेलं आणि न भरलेलं रक्त डाव्या हृदयात एकत्र होतं आणि सरासरी ८० निघते. ऑक्सिजनचा नॉब कितीही फिरवा, न भेटणाऱ्या रक्ताला त्याचा काही उपयोग नाही.

वायूचं म्हणाल तर हे नवीन नाहीये, १९१६ मध्येच लॅन्सेटमध्ये टनिक्लिफ आणि स्टेबिंग यांचा शिरेतून ऑक्सिजन वायू देण्यावर लेख आलेला आहे. ऑक्सिजनचा बुडबुडा नायट्रोजनपेक्षा लवकर शोषला जातो हे तुमचं बरोबर आहे, पण 'लवकर' म्हणजे बुडबुडा किती मोठा त्यावर आहे. शिरेतून उजव्या हृदयात पोचायला काही सेकंदच लागतात, तेवढ्यात मोठा बुडबुडा संपत नाही, उलट छोटे बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होतात. उजव्या हृदयात वायू साठला की पंपात हवा धरल्यासारखं होतं, मोटर फिरते पण पाणी चढत नाही. हृदय आकुंचन पावतं आणि तो वायूच दाबला जातो, रक्त पुढे जात नाही. त्यात चारातल्या साधारण एका माणसात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माच्या वेळचं भोक पूर्ण बुजलेलं नसतं, तिथून बुडबुडा डावीकडे गेला की सरळ मेंदूत.

फेसपट्टी

सशांवर मी लिहिते, माझं कामच कण आणि इमल्शनमधलं आहे.

बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या जॉन खेअर आणि मंडळींचं काम, २०१२ मध्ये सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये आलं. फॉरवर्ड नाही, अगदी खरं. यामागची गोष्ट पण त्यांनी सांगितलेली आहे, एका लहान मुलीची फुप्फुसं अचानक गेली आणि एक्मोवर, म्हणजे रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरणाऱ्या यंत्रावर, घेईपर्यंत जो वेळ गेला तेवढ्यात मेंदूला इजा झाली, ती वाचली नाही. म्हणजे पहिल्यापासून त्यांना हवी होती ती मधली काही मिनिटं. फुप्फुसाला कायमचा पर्याय काढायचा हा हेतूच नव्हता, आणि बातम्यांमध्ये नेमकं हेच गाळलं गेलं, 'आता श्वासाची गरज नाही' असल्या हेडलाइन.

केलं काय तर ऑक्सिजन वायूचे २ ते ४ मायक्रॉनचे बुडबुडे, त्यांच्याभोवती लिपिडचं पातळ कवच. लाल पेशी ७-८ मायक्रॉनची असते म्हणजे हे तिच्याहून बारीक, केशवाहिनीत अडकायचं कारण नाही, आणि कवचामुळे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. दिसायला पांढरा दाट फेस. १०० मिली फेसात ५० पासून ९० मिलीपर्यंत नुसता ऑक्सिजन. आणि रक्तात गेल्यावर कवचातून ऑक्सिजन काही सेकंदांत निघून हिमोग्लोबिनला चिकटतो, कारण शिरेतल्या रक्तात जागा रिकामीच असते. सशांची श्वासनलिका पूर्ण बंद केली होती आणि हा फेस देत राहिले, १५ मिनिटांपर्यंत तग धरला, हृदय बंद पडण्याचं प्रमाण आणि अवयवांची इजा कमी झाली.

आता अडलंय कुठे. गणित वरच्यासारखंच करा. ७० टक्के ऑक्सिजनचा फेस धरला तर मोठ्या माणसाची पूर्ण गरज भागवायला मिनिटाला ३५० मिलीच्या आसपास फेस लागेल. ऑक्सिजन वापरला जाईल पण उरलेला ३० टक्के द्रव आणि लिपिड जाणार कुठे? मिनिटाला १०० मिली, दहा मिनिटांत एक लिटर जास्तीचं पाणी आणि वर सगळी रिकामी कवचं. दाट असल्यामुळे तो ढकलायला जोर लागतो, जास्त ढकललात तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढतो. बुडबुडे टिकवणं हा तर वेगळाच ताप आहे, बुडबुडा म्हणजे मुळातच मोडायला बसलेली वस्तू, आठवडाभर कपाटात ठेवा आणि बघा, वर वायू खाली पाणी. म्हणून नंतर पॉलिमरच्या कवचाचे बुडबुडे करून पाहिले, जे जास्त टिकतात आणि रक्तात गेल्यावर विरतात. दुसरी वाट म्हणजे फेस साठवायचाच नाही, पेशंटच्या शेजारीच बारीक बारीक नोझलमधून वायूचे बुडबुडे फोडत फोडत पेशीहून लहान करायचे आणि लगेच रक्तात सोडायचे. मला व्यक्तिशः ही वाट जास्त पटते, त्यात द्रवाचं ओझं कमी होतं.

एकच_शंका

सगळे ऑक्सिजन ऑक्सिजन करताय पण कार्बन डायऑक्साइडचं काय? फेसाने ऑक्सिजन आत जाईल पण सीओटू बाहेर कोण काढणार? त्यानेच माणूस आधी मरेल. म्हणून हे सगळं फोल आहे असं मला वाटतं.

रात्रपाळीवाला

सीओटू निघत नाही हे बरोबर, 'आधी मरेल' हे बरोबर नाही. श्वास थांबला की रक्तातला सीओटू पहिल्या मिनिटानंतर मिनिटाला साधारण ३ ते ४ मिमी पाऱ्याच्या हिशेबाने चढतो. ४० वरून निघाला तर १५ मिनिटांत ९०-१०० पर्यंत. रक्त आम्लधर्मी होतं, चांगलं नाही, पण ऑक्सिजन मिळत असेल तर माणूस त्यातून बाहेर येतो. १९५९ मध्ये फ्रुमिन आणि सहकाऱ्यांनी ८ पेशंटना भूल दिलेल्या अवस्थेत श्वास पूर्ण थांबवून नुसता ऑक्सिजन देत ठेवलं होतं, सगळ्यात जास्त ५५ मिनिटं, सीओटू एकाचा २५० पर्यंत गेला, पीएच ६.७२, आणि ते सगळे सुखरूप उठले. आजच्या एथिक्स कमिटीसमोर हा प्रयोग मांडून दाखवा, बाहेर हाकलतील.

ऑक्सिजन बंद झाला तर मात्र मेंदूच्या हातात मोजकी मिनिटं असतात, १० मिनिटांची चैन नाही. त्यामुळे काही मिनिटांचा प्रश्न असेल तर सीओटू थांबू शकतो. तासांचा असेल तर तुमचा मुद्दा शंभर टक्के लागू.

पंप_आणि_नळ्या

मी परफ्युजनिस्ट, म्हणजे एक्मोसारखी यंत्रं चालवणारा. इतका वेळ वाचतोय आणि गंमत वाटतेय की एक्मोचं नाव एकदाच ओझरतं आलं. दादा, तुम्ही जे विचारताय, फुप्फुस बायपास करून रक्तात ऑक्सिजन, ते आम्ही रोज करतो, फरक एवढाच की ऑक्सिजन रक्तात सोडण्याऐवजी रक्तच बाहेर काढून ऑक्सिजनकडे नेतो. बुडबुडाच नको. मांडीच्या शिरेतून रक्त काढायचं, मोठ्या माणसाला साधारण २३-२५ फ्रेंच मापाची कॅन्युला (शिरेत घालायची नळी), म्हणजे ८ मिलिमीटर जाडी, पंपाने ऑक्सिजनेटरमधून ढकलायचं आणि मानेच्या शिरेतून परत. मिनिटाला ४-५ लिटर. ऑक्सिजनेटरमध्ये पॉलिमिथाइलपेंटीनच्या पोकळ तंतूंची जुडी असते, तंतूच्या आतून वायू, बाहेरून रक्त, मधल्या भिंतीतून ऑक्सिजन इकडे आणि सीओटू तिकडे. सीओटूची शंका असणाऱ्यांना सांगतो, स्वीप गॅस, म्हणजे तंतूंतून जाणारा वायू, वाढवला की सीओटू झरझर उतरतो, उलट फार वेगाने उतरू नये म्हणून आम्हालाच जपावं लागतं.

पहिल्यांदा शेजारी उभं राहिलात तर आधी नळ्याच बघाल. एक काळपट, एक लालभडक, एकाच माणसाच्या अंगातून. दोन्ही एकाच रंगाच्या दिसायला लागल्या की आमचा हात आधी वायूच्या नळीकडे जातो, सुटली का बघायला. आणि दर राऊंडला टॉर्च मारून ऑक्सिजनेटरचे कोपरे बघायचे, गुठळी काळी दिसते नाहीतर पांढुरक्या धाग्यासारखी. कधी रक्त काढणारी नळी थडथडायला लागते, म्हणजे शिरेत रक्त कमी पडतंय आणि पंप ओढतोय. तेव्हा आधी पंपाचे फेरे कमी करायचे, नवीन पोरं घाबरून वाढवतात.

बाहेरच्या प्लास्टिकला लागलं की रक्त गोठतं म्हणून हेपारिन, गोठणं थांबवणारं औषध, द्यायचं, हेपारिन दिलं की रक्तस्राव, मेंदूत झाला तर खेळ संपला. इन्फेक्शन वेगळं. त्यामुळे हा काही 'लावला आणि बरा झाला' प्रकार नाही. १९७१ मध्ये हिल यांच्या टीमने एका तरुण अपघाती पेशंटला ७५ तास ठेवून वाचवलं ते पहिलं मोठ्या माणसातलं यश, १९७५ मध्ये बार्टलेट यांनी नवजात बाळात. तरी इतक्या वर्षांनंतर २०१८ च्या इओलिया ट्रायलमध्ये, एआरडीएसमध्ये एक्मो विरुद्ध नेहमीचा व्हेंटिलेटर अशी ती चाचणी, ६० दिवसांतले मृत्यू एक्मोत ३५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के आले, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक काठावर अडकला. त्यात दुसऱ्या गटातले २८ टक्के पेशंट अगदी शेवटाला आल्यावर एक्मोवर घ्यायला लागले, म्हणून त्या निकालावर भांडणं अजून चालू आहेत. मी कोणत्या बाजूचा ते सांगायला नको.

तंतूंची जुडी शरीराच्या आतच मोठ्या शिरेत ठेवायचाही प्रयत्न झाला होता, आयव्हॉक्स नावाने, १९९० च्या आसपास पेशंटमध्येही वापरलं. शिरेत जागा किती, त्यात तंतू किती मावणार, गरजेच्या काही हिश्श्याइतकाच वायू बदलायचा. गुंडाळलं.

उगाचचौकशी

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर 'देतात की' असं आहे तर. मग ते कृत्रिम रक्त म्हणतात त्याचं काय? ते भरलं की झालं ना?

फेसपट्टी

नाही, आणि इथे भलेभले गोंधळतात. कृत्रिम रक्त, मग ते हिमोग्लोबिनवालं असो की परफ्लुरोकार्बनचं (ऑक्सिजन विरघळवून घेणारा द्रव), ऑक्सिजन वाहून नेतं, पण भरून घ्यायला ते फुप्फुसातच जातं. तुमच्या पेशंटकडे वाहतूक ठीक आहे, भरायची जागाच बंद आहे. फ्लुओसॉल नावाचं परफ्लुरोकार्बन इमल्शन १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेलं, अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरायला, १९९४ पर्यंत ते बाजारातून गेलंही. परफ्लुरोकार्बनमध्ये ऑक्सिजन दाबाच्या प्रमाणात विरघळतो, म्हणजे फुप्फुसातला दाब जितका जास्त तितका फायदा, आणि हायपॉक्सिमियात, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी असताना, नेमका रक्तातला तोच दाब पडलेला असतो.

ऑक्सिजन भरलेलं परफ्लुरोकार्बन आतड्यातून द्यायचा मात्र गंभीर प्रयत्न चालू आहे, हसू नका. ताकेबे यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदीर आणि डुकरांत गुदद्वारातून देऊन ऑक्सिजन वाढतो असं दाखवलं, २०२४ ला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) पण मिळालं. २०२५ मध्ये निरोगी पुरुषांवर सुरक्षिततेची चाचणी आली, पण त्यात द्रवात ऑक्सिजन घातलेलाच नव्हता, नुसतं सोसतं का एवढंच पाहिलं. शिरेत काही घालायचं नाही हा त्याचा मोठा प्लस पॉइंट.

निसर्गोपचारप्रेमी

एवढी यंत्रं कशाला. हायड्रोजन पेरॉक्साइड अगदी पातळ करून ड्रिपमधून दिलं तर रक्तातच ऑक्सिजन सुटतो. बऱ्याच ठिकाणी देतात. कंपन्यांना नको असतं म्हणून दाबून ठेवलंय.

रात्रपाळीवाला

कृपा करून हे कोणी करू नका. रक्तात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, पेरॉक्साइड गेलं की तिथल्या तिथे फुटून ऑक्सिजन वायू होतो, म्हणजे वर जो बुडबुड्यांचा सगळा धोका लिहिला तो तुम्ही स्वतःच्या शिरेत बनवताय, आकारावर ताबा नाही, कवच नाही, काही नाही. वर लाल पेशी फुटतात ते वेगळंच. आणि 'अगदी पातळ' असेल तर त्यातून सुटणारा ऑक्सिजन मिनिटाला २५० मिलीच्या जवळपासही जात नाही. म्हणजे उपयोग होईल इतकं दिलं तर मारतं आणि मारणार नाही इतकं दिलं तर उपयोग नाही. यात दाबून ठेवण्यासारखं काही नाही.

उगाचचौकशी

शेवटचं विचारतो. मग तो फेस उद्या तयार झालाच तर नक्की कोणाला द्याल? आणि एक्मोवर पण सॅच्युरेशन ८५ बघून नातेवाईक घाबरतात असं ऐकलंय, ८५ चालतं का?

रात्रपाळीवाला

फेस एआरडीएसला नाही, तिथे दिवस आणि आठवडे काढायचे असतात. श्वासनलिकेत काहीतरी अडकलंय, सूज येऊन गळा बंद झालाय, ट्यूब पडत नाहीये, गळ्याला छेद द्यायला दोन-तीन मिनिटं हवीत, तिथे. किंवा एक्मोची टीम कॅन्युला घालतेय आणि सॅच्युरेशन ४० वर आलंय, तिथे. तो रक्ताभिसरण चालू असतानाच कामाचा आहे हेही लक्षात घ्या, हृदय थांबलं तर शिरेत सोडलेला फेस तिथेच बसून राहणार, मसाज करून पुढे ढकलला जाईल तेवढाच.

८५ चं पंप_आणि_नळ्या यांनी सांगावं, त्यांचं रोजचं आहे.

पंप_आणि_नळ्या

चालतं. व्ही-व्ही एक्मोत, म्हणजे शिरेतून काढून शिरेतच परत देतो त्यात, आमचं लाल रक्त पेशंटच्या स्वतःच्या काळपट रक्तात मिसळूनच पुढे जातं, हृदय मिनिटाला ८ लिटर फेकत असेल आणि आम्ही ४ च देतोय तर ९८ कुठून येणार. पण मोजायचं ते एकूण किती पोचतंय. एचबी १० आणि सॅच्युरेशन ८५ धरा, १०० मिलीला ११.४ मिली ऑक्सिजन, हृदय ५ लिटर फिरवत असेल तरी मिनिटाला ५७० मिली पोचतोय, लागतो २५०. दुपटीच्या वर आहे. त्याच माणसाचा एचबी ६ वर आला आणि मॉनिटरवर ९८ दिसत असेल तर पोचतोय ४०० च्या खाली. म्हणून नातेवाईक मॉनिटरकडे बघतात तेव्हा मी लॅबमधून एचबीचा रिपोर्ट आला का ते विचारत असतो, आणि लॅक्टेट, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते. लॅक्टेट खाली येत असेल तर ८५ वर कोणी हात लावू नये, उगाच फ्लो वाढवायला गेलं की पेशी फुटतात आणि एक्मोतून बाहेर पडलेलं रक्त परत एक्मोतच ओढलं जातं.